पंचरंगी क्रिकेट सामने : वेळापत्रक, तिकीटविक्री आणि वर्ध्याचे निवेदन

'''पंचरंगी क्रिकेट सामने''' ही मुंबई येथे १९३७ ते १९४६ या काळात भरणारी क्रिकेट स्पर्धा होय. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट' म्हणजे इतर, असे पाच संघ तीत भाग घेत असत. संघांची रचना जमातीवर आधारलेली असल्यामुळे स्पर्धेच्या तारखा, प्रेक्षागारातील जागांची वाटणी आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा हिस्सा हे वरवर व्यवस्थापनाचे वाटणारे प्रश्न अनेकदा सार्वजनिक वादाचे विषय झाले. १९३७ साली हिंदू संघाने जागांच्या वाटपावरून स्पर्धेतून माघार घेतली. १९४० साली महात्मा गांधींनी वर्धा येथून काढलेल्या निवेदनानंतर त्याच संघाने तत्त्वाच्या प्रश्नावरून पुन्हा माघार घेतली. एकाच संस्थेच्या या दोन माघारींमधील फरक हा या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग मानता येईल.

== पार्श्वभूमी ==

मुंबईत भारतीयांपैकी पारशी समाजाने क्रिकेट प्रथम आत्मसात केले. १८७७ साली पारशी खेळाडू आणि बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन सभासद यांच्यात सामना झाला. १८८६ मध्ये पारशी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. परदेश दौरा करणारा तो पहिला भारतीय संघ होय. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक 'प्रेसिडेन्सी सामने' सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू संघाच्या समावेशामुळे स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये पाचव्या संघाच्या प्रवेशाने पंचरंगी झाली. पाचव्या संघात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू इत्यादी खेळाडूंना स्थान होते.

प्रत्येक संघामागे त्या त्या जमातीचा जिमखाना उभा होता. बॉम्बे जिमखाना (स्थापना १८७५) युरोपियनांचा होता. पारशी, इस्लाम आणि हिंदू हे जिमखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रकिनाऱ्यालगत, आजच्या मरीन ड्राइव्हवर, उभे राहिले. संघनिवड, सरावाची व्यवस्था, सभासदांसाठी जागा मिळवणे आणि उत्पन्नातील वाटा घेणे ही कामे जिमखाने करीत. खेळाडू जमातीचे प्रतिनिधित्व करीत असला, तरी व्यवहार जिमखान्यांच्या कार्यकारी समित्यांमध्ये ठरत असे.

जमातीच्या संघातही सर्वांना सारखे स्थान नव्हते. दलित समाजातून आलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू पाळवणकर विठ्ठल यांच्याकडे ते आले.

== हंगाम आणि तारखा ==

आरंभीच्या काळात हे सामने पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मुंबई व पुणे येथे खेळले जात. पावसामुळे खेळपट्टी ओली राही, सामने अर्धवट राहत आणि प्रेक्षकांचीही गैरसोय होई. पुढे स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेण्याची प्रथा पडली. मुंबईतील थंडीचे दिवस, स्वच्छ आकाश आणि नाताळच्या सुट्ट्यांची जवळीक यांमुळे या तारखा प्रेक्षकांना व आयोजकांना सोयीच्या होत्या. मुंबईकरांच्या दृष्टीने मोठ्या क्रिकेटचा हंगाम या सामन्यांनीच रंगात येत असे.

स्पर्धा बाद पद्धतीने खेळली जाई. चार संघांच्या स्पर्धेत दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना असे तीन सामने होत. पाचवा संघ आल्यावर एक प्राथमिक सामना वाढला आणि एकूण सामने चार झाले. प्रत्येक सामना अनेक दिवस चालत असल्यामुळे एका सामन्याची भर म्हणजे तिकीटविक्रीच्या अनेक दिवसांची भर ठरे. उलट एखाद्या संघाने ऐनवेळी माघार घेतल्यास जाहीर झालेले वेळापत्रक कोलमडे आणि त्या संघाचे पाठीराखे मैदानाकडे फिरकत नसत. हिंदू संघाचा प्रेक्षकवर्ग मोठा असल्यामुळे त्याच्या माघारीचा फटका सर्वांत जास्त बसे.

राजकीय घडामोडींचाही वेळापत्रकावर थेट परिणाम झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ या काळात स्पर्धा झाली नाही. ती १९३४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी नियामक मंडळाने प्रांतिक संघांसाठी रणजी करंडक स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रास व म्हैसूर या संघांत झाला. त्यामुळे भारतीय क्रिकेटच्या एकाच हंगामात दोन निरनिराळी तत्त्वे शेजारी-शेजारी नांदू लागली. एका स्पर्धेत खेळाडूची ओळख प्रांतावरून होई, तर दुसरीत धर्मावरून.

== बॉम्बे जिमखान्याचे मैदान ==

१९३६ पर्यंत मुंबईतील सामने प्रामुख्याने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. मैदानाभोवती जमातवार तंबू व मांडव उभारले जात. सभासद व निमंत्रित आपापल्या मांडवात बसत. ज्यांना तिकीट परवडत नसे ते मैदानाच्या कडेने उभे राहून किंवा झाडांवर चढून खेळ पाहत.

या व्यवस्थेतील मूळ विसंगती अशी होती की मैदान ज्या क्लबचे होते, त्याच्या मुख्य इमारतीत भारतीयांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातील पहिला कसोटी सामना याच मैदानावर झाला. सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली खेळताना लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या आणि भारतातर्फे पहिले कसोटी शतक नोंदवले. त्या प्रसंगी प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव उभारावे लागले. भारतीय क्रिकेटला स्वतःचे कायमस्वरूपी क्रीडागार हवे, ही जाणीव या काळात प्रबळ झाली.

तिकीट घेऊन मैदानात येणाऱ्यांच्या पलीकडेही प्रेक्षक वाढत होते. १९३४ च्या चौरंगी सामन्यांपासून ए. एफ. एस. तल्यारखान यांनी रेडिओवरून धावते समालोचन सुरू केले. मुंबईबाहेरच्या श्रोत्यांनाही स्पर्धेची गोडी लागली आणि तिकिटांची मागणी त्यामुळे घटण्याऐवजी वाढत गेली.

== ब्रेबॉर्न स्टेडियम आणि १९३७ ची माघार ==

१९३३ मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या संस्थेने मुंबईतील बॅक बे येथील भरावाच्या जमिनीवर स्टेडियम बांधण्याचे ठरवले. संस्थेच्या उभारणीत अँथनी डी'मेलो यांचा मोठा वाटा होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी मे १९३६ मध्ये कोनशिला बसवली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी स्टेडियमचे उद्घाटन झाले. गव्हर्नरांचेच नाव त्यास देण्यात आले.

पंचरंगी सामने नव्या स्टेडियममध्ये घेण्याचे ठरताच जागांच्या वाटणीचा प्रश्न उभा राहिला. जुन्या मैदानावर तंबूंची जागा कमी-जास्त करता येत असे. सिमेंटच्या कायमस्वरूपी स्टँडमध्ये मात्र जागांची संख्या ठरलेली होती. स्टेडियमच्या मालकसंस्थेला आपल्या सभासदांसाठी चांगल्या जागा राखून ठेवायच्या होत्या. जिमखान्यांना आपापल्या सभासदांसाठी व पाठीराख्यांसाठी पुरेशा जागा हव्या होत्या. आपले सभासद आणि आपल्या संघाचा प्रेक्षकवर्ग यांच्या मानाने आपल्याला दिलेला हिस्सा अपुरा आहे, असे हिंदू जिमखान्याचे म्हणणे होते. तडजोड न झाल्याने हिंदू संघाने माघार घेतली.

परिणामी नावाने पंचरंगी झालेली पहिली स्पर्धा प्रत्यक्षात चारच संघांत खेळली गेली. मुस्लिम संघ विजयी झाला. जिमखाने व क्लब यांच्यात समेट झाल्यावर पुढच्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत परतला. १९३७ च्या माघारीत जमातवार संघांच्या तत्त्वाविषयी कोणताही आक्षेप नव्हता. वाद फक्त त्या तत्त्वावर आधारलेल्या जागांच्या हिश्श्याचा होता.

== विरोधाची वाढ ==

जमातवार क्रिकेटवर टीका त्याआधीपासूनच होत होती. 'बॉम्बे क्रॉनिकल' या राष्ट्रीय वृत्तीच्या दैनिकाचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्र यांनी आपल्या लेखनातून या पद्धतीला सातत्याने विरोध केला. विरोधकांचा युक्तिवाद असा होता की राजकारणात धर्मवार मतदारसंघांना विरोध करायचा आणि मैदानावर धर्मवार संघांना टाळ्या द्यायच्या, हे परस्परविरोधी आहे. रणजी करंडकासारखी पर्यायी स्पर्धा उपलब्ध असताना जमातवार सामन्यांची गरज उरत नाही, असेही ते म्हणत.

समर्थकांची बाजूही वजनदार होती. या सामन्यांमुळेच चारही समाजांत खेळाचा प्रसार झाला, प्रतिस्पर्धी खेळाडूंमध्ये मैत्री वाढली आणि प्रेक्षक उत्तम खेळाला जात न पाहता दाद देतात, असे ते सांगत. शिवाय तिकिटांच्या विक्रीतून जिमखान्यांना मिळणारे उत्पन्न मोठे होते आणि रणजी सामन्यांना तेवढी गर्दी होत नसे.

ही पद्धत मुंबईपुरती मर्यादित नव्हती. कराची व लाहोर येथे अशाच स्पर्धा होत्या. वर्धा जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे, त्याच्या राजधानीत, नागपुरातही, चौरंगी सामने होत असत. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू मूळचे नागपूरचे होते. त्यांचे प्रथमश्रेणी क्रिकेटमधील पदार्पण १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून झाले.

== वर्ध्याचे निवेदन (१९४०) ==

दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर गोवल्याच्या निषेधार्थ काँग्रेसने १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आरंभला. विनोबा भावे यांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे पहिला सत्याग्रह केला. ऑक्टोबर अखेरीस जवाहरलाल नेहरू आणि नोव्हेंबरमध्ये वल्लभभाई पटेल यांना अटक झाली. अशा वेळी मुंबईत पंचरंगी सामने १४ डिसेंबरपासून होणार असल्याची जाहिरात झाली होती. नेते तुरुंगात असताना करमणुकीचे सामने भरवू नयेत, अशी मागणी पुढे आली.

हिंदू जिमखान्यात यावर एकमत नव्हते. म्हणून त्याचे शिष्टमंडळ गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्यास आले. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे राहत होते आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरील वर्धा स्थानक हे त्यांना भेटावयास येणाऱ्यांचे उतरण्याचे ठिकाण झाले होते. स्पर्धेला जेमतेम आठवडा उरला असताना गांधीजींनी आपले मत वृत्तपत्रांसाठी निवेदनाद्वारे प्रसिद्ध केले.

निवेदनात तीन मुद्दे होते. पहिला मुद्दा तात्कालिक होता. सत्याग्रहींच्या अटकेबद्दल दुःख म्हणून सामने थांबवू पाहणाऱ्यांना गांधीजींनी पूर्ण सहानुभूती दर्शवली. दुसरा मुद्दा युद्धाचा होता. युरोपातील संहार आशियापर्यंत पोहोचण्याची चिन्हे दिसत असताना असल्या करमणुकी त्यांना अनुचित वाटत होत्या. तिसरा मुद्दा सर्वांत दूरगामी ठरला. मुंबईच्या जनतेने आपली क्रीडासंहिता तपासून तीतून जमातवार सामने कायमचे काढून टाकावेत, असे त्यांनी सुचवले. महाविद्यालया-महाविद्यालयांतील किंवा संस्था-संस्थांतील सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम अशा संघांचे प्रयोजन आपल्याला कधीच उमगले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जीवनाचे एखादे तरी क्षेत्र जातीय भावनेपासून मुक्त असावे, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. चळवळ करणाऱ्यांनी प्रश्नाचा विचार केवळ त्या वर्षीच्या सामन्यापुरता न करता व्यापक भूमिकेतून करावा, असेही त्यांनी सांगितले.

महाविद्यालयीन सामन्यांचा हा उल्लेख केवळ कल्पनेतला नव्हता. विद्यापीठांच्या संघांसाठी रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५ मध्येच सुरू झालेली होती. हिंदू, मुस्लिम, पारशी व ख्रिस्ती विद्यार्थी तीत एकाच संघातून खेळत. संघ बांधण्याचे धर्माहून वेगळे सूत्र भारतीय क्रिकेटमध्ये आधीपासूनच रूढ होते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

== निर्णय आणि परिणाम ==

निवेदनानंतर हिंदू जिमखान्याच्या सभासदांची सभा झाली. सामन्यांची तयारी झालेली होती, जागांचे वाटप ठरले होते आणि माघारीमुळे जिमखान्याच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागणार होते. तीव्र मतभेदांनंतर थोड्या मताधिक्याने स्पर्धेत भाग न घेण्याचा ठराव मंजूर झाला. इतर जिमखान्यांनी मात्र माघार घेतली नाही. स्पर्धा चार संघांत पार पडली आणि मुस्लिम संघाने अंतिम सामन्यात रेस्ट संघाचा पराभव केला.

१९३७ आणि १९४० या दोन्ही वर्षी मैदानावर दिसणारे चित्र सारखेच होते. हिंदू संघ अनुपस्थित, सामने चारऐवजी तीन आणि विजेता मुस्लिम संघ. कारणे मात्र भिन्न होती. पहिल्या वेळी जिमखान्याला अधिक जागा हव्या होत्या, तर दुसऱ्या वेळी त्याने हाती असलेल्या जागांचा त्याग केला. पहिला वाद वाटाघाटींनी मिटला. दुसऱ्या प्रश्नाला वाटाघाटीचा तोडगा नव्हता, कारण संघाचे नाव आणि रचना हाच आक्षेपाचा विषय होता.

तथापि हा त्याग टिकला नाही. १९४१ मध्ये हिंदू संघ पुन्हा मैदानात उतरला आणि विजयीही झाला. स्पर्धेविरुद्ध सभा व निदर्शने झाली, तरी प्रेक्षकांची गर्दी ओसरली नाही.

== पुढील वर्षे ==

१९४२ मध्ये स्पर्धा झाली नाही. त्या वर्षीच्या घटनांचा एक धागाही वर्ध्याशी जोडलेला आहे. ब्रिटिशांनी भारत सोडावा अशी मागणी करणारा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्धा येथे संमत केला आणि ८ ऑगस्ट रोजी मुंबईतील गवालिया टँक मैदानावरील अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतरच्या धरपकडीत व आंदोलनात सामने भरवणे शक्य नव्हते.

१९४३ च्या स्पर्धेने गुणवत्तेचा उच्चांक गाठला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या. उत्तरादाखल रेस्ट संघाच्या विजय हजारे यांनी दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेक यांचा वाटा अवघ्या २१ धावांचा होता. मूळचे सांगलीचे हजारे हे धर्माने ख्रिस्ती असल्यामुळे रेस्ट संघातून खेळत. रणजी स्पर्धेत हेच हजारे इतर धर्मीय सहकाऱ्यांसह एका संघात असत.

१९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघावर केवळ एक गडी राखून विजय मिळवला. के. सी. इब्राहिम यांचे नाबाद शतक त्या विजयाचा आधार ठरले. फाळणीच्या मागणीने वातावरण तापलेले असतानाही हा सामना खिलाडूपणे पार पडला, याचा दाखला समर्थक देत राहिले.

== विजेते संघ ==

* १९३७-३८ : मुस्लिम (हिंदू संघ अनुपस्थित)
* १९३८-३९ : मुस्लिम
* १९३९-४० : हिंदू
* १९४०-४१ : मुस्लिम (हिंदू संघ अनुपस्थित)
* १९४१-४२ : हिंदू
* १९४२-४३ : स्पर्धा झाली नाही
* १९४३-४४ : हिंदू
* १९४४-४५ : मुस्लिम
* १९४५-४६ : हिंदू

== समाप्ती आणि वारसा ==

१९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. देशातील जातीय तणाव पाहता धर्मवार संघांची स्पर्धा चालू ठेवणे अशक्य झाले आणि १९४६ मध्ये ती बंद करण्यात आली. तिच्या जागी विभागवार संघांचे सामने पुढे आले. १९६१-६२ पासून सुरू झालेली दुलीप करंडक स्पर्धा ही विभागवार क्रिकेटची स्थिरावलेली परंपरा होय. रणजी करंडक हीच देशांतर्गत क्रिकेटची मुख्य स्पर्धा झाली. महाराष्ट्राच्या संघाने प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली होती. म्हणजे पंचरंगीवरील वाद ऐन भरात असताना प्रांतिक अभिमानावर उभे असलेले क्रिकेट महाराष्ट्रात मूळ धरत होते.

धर्मवार संघ गेले, पण जागांच्या वाटणीचा प्रश्न राहिला. ब्रेबॉर्न स्टेडियममधील कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या हिश्श्यावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात पुढेही खटके उडत राहिले. १९७० च्या दशकात हा वाद विकोपाला गेला आणि संघटनेने तेथून जवळच स्वतःचे स्टेडियम बांधले. संघटनेचे अध्यक्ष आणि विदर्भातील नेते शेषराव वानखेडे यांच्या नावाने ते ओळखले जाते. जानेवारी १९७५ मध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात तेथे पहिला कसोटी सामना झाला. तिकिटांच्या वादाला नव्या स्टेडियमचे उत्तर मिळू शकले. १९४० मध्ये वर्ध्याहून विचारला गेलेला प्रश्न संघांच्या पायाभूत रचनेचा होता आणि त्याचे उत्तर ती रचना मोडूनच मिळाले.